डाकोटाचा व्हॉल्व्ह आणि मर्सिडीजचा व्हॉल्व्ह

अंबडचा_लेथवाला

गेल्या महिन्यात मुंबईच्या एका गृहस्थांनी त्यांच्या साठच्या दशकातल्या दोन सीटच्या मर्सिडीजचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) माझ्याकडे पाठवलं. गाडी मुंबईतच राहिली, हेड तेवढं गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं कसारा घाट चढून अंबडला आलं. काम नेहमीचंच होतं, गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) बदलायच्या, सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) कापायच्या, व्हॉल्व्ह लॅप करायचे, म्हणजे घासून सीटवर नीट बसवायचे. पहिला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून हातात घेतला आणि थांबलो. दांडा इनटेकच्या व्हॉल्व्हपेक्षा चांगलाच जाड, पण त्या जाडीच्या मानानं वजन कमी.

माझे मोठे काका हवाई दलात इंजिन फिटर होते. डाकोटा विमानाच्या इंजिनाचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असायचा. काका गेले, व्हॉल्व्ह माझ्याकडे आला. त्या दिवशी तो घरून आणला आणि बाकावर मर्सिडीजच्या व्हॉल्व्हशेजारी ठेवला. काकांच्या व्हॉल्व्हची मुंडी चहाच्या कपाच्या तोंडाएवढी, मर्सिडीजची त्याच्या निम्म्याहून जराशी मोठी. पण घडण एकच. दोघांचाही दांडा पोकळ आणि पोकळीत सोडियम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भर कामात तापून लाल होतो. त्याची बरीचशी उष्णता सीटवाटे हेडमध्ये जाते, साधारण पाऊण भाग. उरलेली दांड्यातून गाइडमध्ये. पण व्हॉल्व्ह उघडा असतो तेव्हा सीटला तो टेकलेलाच नसतो आणि नेमका त्याच वेळी जळता वायू त्याच्या अंगावरून जात असतो. दांडा पोकळ करून त्यात निम्म्याच्या आसपास सोडियम भरला, की तो ९८ अंशांना वितळतो. व्हॉल्व्ह वर-खाली होतो तसा आतला सोडियम हिंदकळतो, मुंडीची उष्णता उचलतो आणि वर गाइडपाशी नेऊन टाकतो. मुंडीचं तापमान शंभरेक अंशांनी उतरतं. लाल तापलेल्या पोलादाला शंभर अंश म्हणजे जीव वाचला.

ही युक्ती सॅम हेरॉन या इंजिनियरची. जन्म इंग्लंडचा, पण १९२०च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरवर काम करताना त्यानं ती पक्की केली. १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा उडत गेला, साडेतेहतीस तास. त्याच्या राइट व्हर्लविंड इंजिनात असेच व्हॉल्व्ह होते. पुढे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनात आले, डाकोटाच्या प्रॅट अँड व्हिटनीमध्ये आले आणि तिथून स्पोर्ट्स कारमध्ये, मर्सिडीज ३०० एसएल, पोर्शे ९११.

विमान आणि कारचं नातं म्हटलं की लोक विमानाचं इंजिन थेट गाडीत बसवलेल्या राक्षसी गाड्यांबद्दल बोलतात. २१.७ लिटरची फियाट मेफिस्टोफेलीस, किंवा इंग्लंडच्या ब्रुकलँड्स शर्यतपट्टीवरची नेपियर-रेल्टन. त्या बघायला मलाही आवडतात. पण माझ्या मते खरं नातं तिथे नाही, ते असल्या लहान भागांत आहे. तासन् तास पूर्ण जोरात चाललं तरी इंजिन जळू नये, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता आणि उत्तरंही बहुतेक वेळा सारखीच निघाली. अशी आणखी उत्तरं कुणाला माहीत असतील तर लिहा. मी स्वतः हात लावलेल्यांबद्दल लिहीन.

घाटवळण

वाचतोय दादा. दोन्ही व्हॉल्व्हचा एकत्र फोटो टाका.

ओझरकर

छान विषय काढलात. मी ओझरला एचएएलमध्ये मिगच्या फायनल असेंब्लीत होतो. आमच्याकडे विमानाचा सांगाडा, इंजिन कोरापुटहून तयार होऊन यायचं. म्हणजे माझा संबंध जेटशी, पिस्टन इंजिनाशी नाही. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ड्राय संप. साध्या गाडीत ऑइल खालच्या संपात, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यात साठतं. विमान कुशीवर वळलं, उलटं झालं, की ऑइल भलतीकडे जाणार आणि पंप हवा ओढणार. म्हणून जुन्या विमानांच्या इंजिनांत ऑइलची टाकी वेगळी. एक पंप टाकीतून दाबानं ऑइल आत देतो, दुसरा खाली जमलेलं उपसून परत टाकीत नेतो. हा उपसा पंप कायम मोठा लागतो, कारण परत येणारं ऑइल नुसतं ऑइल नसतं, त्यात हवेचा फेस असतो. रेसिंगच्या गाडीला वळणावर हाच त्रास. ३०० एसएलमध्ये ड्राय संप आहे, १९६४ पासूनच्या ९११ मध्येही आहे. ३०० एसएलला त्यानं आणखी एक फायदा झाला. खाली संप नाही म्हणून इंजिन ५० अंश कुशीवर झोपवता आलं आणि बॉनेट इतकं खाली आलं.

माझ्या ओळखीच्या एकांनी जुनी ९११ घेतली आणि सकाळी थंड इंजिनाची डिपस्टिक बघून ऑइल कमी समजून लिटरभर जास्त ओतलं. त्या गाडीचं ऑइल इंजिन तापवून, सपाट जागी, आयडलवर चालू ठेवून बघायचं असतं. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल झिरपून इंजिनात उतरतं आणि डिपस्टिक खोटं बोलते. डाकोटासारख्या रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) इंजिनात हेच ऑइल खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. म्हणून सुरू करण्याआधी प्रोपेलर हातानं फिरवून बघतात. तसंच सुरू केलं तर पिस्टन ऑइलवर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरी गोष्ट, लॉक वायर. बोल्टच्या डोक्यात भोक, त्यातून तार, तिला पीळ देऊन शेजारच्या बोल्टला अशी बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला घट्टच्या दिशेला ओढेल. ०.८ मिलिमीटरच्या तारेला इंचात सहा ते आठ पीळ. कमी दिले तर ढिली, जास्त दिले तर तार तुटते. पहिले सहा महिने आम्हाला हेच करायला लावलं होतं आणि सुपरवायझर भिंग घेऊन पीळ मोजायचे. पुढे एका जुन्या रेसिंग कारच्या ब्रेक कॅलिपरवर तीच तार, तोच पीळ पाहिला तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

नॉझलवाले_काका

ओझरकरांनी उपसा पंपाचं बरोबर लिहिलं. आता माझ्या शेतातलं पीक. तीस वर्षं सातपूरला डिझेलच्या नॉझलवर काम केलं. नाशकात मायको सर्कल कुठे आहे हे सगळ्यांना माहीत, तिथून पुढे रोज सायकलनं.

३०० एसएल १९५४ साली आली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी ती पहिली चार स्ट्रोकची उत्पादनातली कार. त्यामागे विमानांचा अनुभव होता. डेमलर-बेंझचं डीबी ६०१, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानातलं, उलटं टांगलेलं व्ही-१२, ३३.९ लिटर. त्यातही बॉशच्या पंपानं थेट फवारा. ३०० एसएलमध्ये त्यांनी काय केलं ते बघा. मूळच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनात जिथे स्पार्क प्लग बसायचे त्या जागी इंजेक्टर बसवले आणि प्लग हेडमध्ये वर नेले.

असल्या पंपातला प्लंजर (आत-बाहेर सरकणारी दांडी) आणि त्याची बाही यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते. आमच्याकडे ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असायची, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बाहीत कधी घालायचा नाही. तळहाताच्या उबेनं प्लंजर अडकलेला मी पाहिलेला आहे. मोजमाप करायच्या आधी तो दगडी टेबलावर निवायला ठेवायचो. डिझेलमध्ये थोडा स्निग्धपणा असतो, ते स्वतःच प्लंजरला वंगण देतं. पेट्रोलला तो गुण नाही, कोरडं पडतं. म्हणून पेट्रोलच्या असल्या पंपाला इंजिन ऑइलचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो. हे कळल्याशिवाय कुणी डिझेलच्या अनुभवावर पेट्रोलचा पंप उघडू नये.

३०० एसएलची एक खोड इथेच आहे. पंप इंजिनाला जोडलेला. चावी बंद केली तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारतच राहतो. ठिणगी नाही, पेट्रोल मात्र येतंय. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. गाडी रोज लांब पल्ल्याला चालवली तर तापून उडून जातं. आठवड्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली तर साचत जातं. विमानाला हा प्रश्न फारसा नाही, ते एकदा सुरू झालं की तासभर तरी चालतं.

मेघना_गंगापूररोड

काका, याच इंजेक्शनमुळे ब्रिटिशांच्या वैमानिकांची काय अडचण झाली ते मला लिहायचंय.

मर्लिनला सुरुवातीला एसयू कंपनीचा फ्लोटवाला कार्बोरेटर होता. फ्लोट म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. स्पिटफायर नाक एकदम खाली करून झेपावलं की पेट्रोल फ्लोट चेंबरच्या छताला जाऊन चिकटायचं. आधी जेटला पेट्रोल मिळायचं नाही, इंजिन खोकायचं. मग फ्लोटचा ताबा सुटून पेट्रोल उसळून यायचं आणि इंजिन गुदमरायचं. मेसरश्मिटला फ्लोटच नाही. ते सरळ नाक खाली करून निसटायचं आणि मागचा स्पिटफायर आधी अर्धा पालथा होऊन मग खाली वळायचा. तेवढ्या वेळात शत्रू पसार.

यावर उपाय काढला बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या इंजिनियर. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सवर स्वतःची नॉर्टन मोटरसायकल ताशी १०० मैलांवर पळवून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला होता. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी धातूची चकती बसवली. पूर्ण जोराला लागतं तेवढंच पेट्रोल त्या भोकातून जाणार, त्याहून जास्त नाहीच. गुदमरणं थांबलं. विमान तळावरून न हलवता ती बसवता येत होती आणि १९४१ मध्ये त्या स्वतः तळातळांवर जाऊन ती बसवण्याचं काम बघत होत्या. कायमचा इलाज पुढे दाबावर चालणाऱ्या कार्बोरेटरनं झाला, पण मधला काळ त्या चकतीनं निभावला.

मी मेकॅनिकलला होते तेव्हा आमच्या वर्गात तीन मुली होतो. शिलिंगबाईंचं नाव कुठल्याही तासाला ऐकलं नाही, नंतर स्वतः वाचत गेले तेव्हा सापडल्या. म्हणून इथे मुद्दाम एवढं लिहिलं.

घाटवळण

ताई, एसयू म्हणजे जग्वार एक्सके १२० वर असतो तोच ना? एमजीवर पण आहे.

मेघना_गंगापूररोड

कंपनी तीच, आराखडा वेगळा. जग्वारवरच्या एसयूमध्ये आतला पिस्टन हवेच्या ओढीनं वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोल मोजते. मर्लिनवरचा मोठा होता, खालून वर हवा ओढणारा, दोन घशांचा. दोघांत फ्लोट सारखा. आणि दुखणं फ्लोटचंच होतं.

गोदातीर

लेख उत्तम, पण लेथवाल्यांच्या एका वाक्याशी असहमत. «तिथून स्पोर्ट्स कारमध्ये» असं वाचलं की वाटतं सगळं विमानाकडूनच कारकडे आलं. सोडियमच्या व्हॉल्व्हपुरतं ते खरं आहे. पण त्याआधीचा प्रवास उलटा आहे.

डब्ल्यू. ओ. बेंटली १९१३ साली लंडनमध्ये डीएफपी या फ्रेंच गाड्या विकत होते. फ्रान्समधल्या कारखान्यात त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा एक पेपरवेट पाहिला, पिस्टनच्या आकाराचा. पिस्टनच याचा केला तर, असं मनात आलं. मिश्रधातूचे पिस्टन करून त्यांनी गाडी पळवली, ती जास्त जोरात गेली आणि टिकली. पहिलं महायुद्ध लागल्यावर हीच माहिती ते नौदलाच्या विमान विभागाकडे घेऊन गेले. तिथे क्लर्जे रोटरी इंजिनांचे सिलिंडर तापून वेडेवाकडे होत होते. बेंटलींनी अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर आणि आत लोखंडी लाइनर (अस्तर), अशी बीआर-१ ही नवी रोटरी काढली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्यांनी ३ लिटर बेंटली दाखवली. एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर कॅमशाफ्ट, दोन प्लग, दोन मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारे). म्हणजे गाडीतून विमानात आणि विमानातून परत गाडीत, एकाच माणसाच्या हातून आणि सहा वर्षांत.

हिस्पानो-सुइझाचे मार्क बिर्किग्ट हेही मुळात गाड्या करणारे. त्यांनी १९१५ मध्ये विमानासाठी व्ही-८ काढलं. त्या काळी विमानांच्या इंजिनांत बहुधा प्रत्येक सिलिंडर सुटा असायचा. यांनी चार सिलिंडरांचा एकच अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ओतला आणि त्यात पोलादी लाइनर आट्यांनी बसवले. इंजिन हलकं आणि ताठ झालं, पाण्याच्या गळतीच्या जागा कमी झाल्या. स्पॅड विमानांत ते गेलं. १९१९ च्या एच-६ गाडीत हीच रचना आहे, साडेसहा लिटर, सहा सिलिंडर. त्या गाडीच्या रेडिएटरवरचा करकोचा हे गिनमेर या फ्रेंच वैमानिकाच्या तुकडीचं चिन्ह. आपल्याकडच्या संस्थानिकांनीही हिस्पानो-सुइझा घेतल्या होत्या.

अंबडचा_लेथवाला

गोदातीर, मान्य. माझं वाक्य चुकलं, मूळ लेखात बदलत नाही म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ राहील. बेंटलींचा लोखंडी लाइनर आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर हे तर आम्ही रोज बोअरिंग मशीनवर बघतो.

पल्सरवाला_द्वारका

दोन प्लग म्हणजे आमची पल्सर! २००३ पासून डीटीएस-आय. हे पण विमानातून आलं का?

अंबडचा_लेथवाला

विमानात हे फार आधीपासून आहे, आणि तिथे कारणं दोन. एक म्हणजे भरवसा. दोन मॅग्नेटो, दोघांची वायरिंग वेगळी, एक गेला तरी दुसऱ्यावर घरी पोचता येतं. उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती उतरतो ते बघतो. थोडा उतरायलाच हवा. जास्त उतरला तर प्लग किंवा मॅग्नेटो खराब. आणि अजिबात उतरला नाही, तर तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये, तेही धोक्याचं. काका सांगायचे, अशा विमानाचा प्रोपेलर नुसता हातानं हलवला तरी इंजिन पेटू शकतं.

दुसरं कारण ज्वाळेचा प्रवास. मर्लिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १३७ मिलिमीटर. एका कडेला ठिणगी पडली तर ज्वाळा दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत उरलेलं मिश्रण आपोआप पेटून धक्का देऊ शकतं, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. दोन बाजूंनी पेटवलं की अंतर निम्मं. १९६५ ची अल्फा रोमिओ जीटीए, पोर्शे ९१७ या शर्यतीच्या गाड्यांत याच कारणासाठी दोन प्लग आले. ९१७ मध्ये बारा सिलिंडर आणि चोवीस प्लग. तुमच्या पल्सरमध्ये बोअर लहान, पण जलद आणि पूर्ण ज्वलन हाच हेतू.

घाटवळण

एक शंका आहे. मर्लिन २७ लिटरचं, आणि आरपीएम फक्त ३०००. ३०० एसएल तीन लिटरची, ५८०० फिरते. मग दोघांवरचा ताण सारखा कसा म्हणायचा? विमानाचं इंजिन तर आरामात फिरतंय.

ओझरकर

आरपीएमवर जाऊ नका, पिस्टनचा वेग काढा. एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकच्या (एका बाजूच्या चालीच्या) दुप्पट अंतर जातो. मर्लिनचा स्ट्रोक १५२.४ मिलिमीटर, म्हणजे ३००० आरपीएमला सरासरी वेग सेकंदाला १५.२ मीटर. ३०० एसएलचा स्ट्रोक ८८ मिलिमीटर, ५८०० ला वेग १७ मीटर. अंतर एवढंच. रिंगांना, लाइनरला, ऑइलच्या थराला जवळपास तेवढंच घर्षण सोसावं लागतं.

विमानात आरपीएम वाढवत नाहीत त्याचं एक कारण प्रोपेलर. ३.३ मीटर व्यासाचा प्रोपेलर ३००० नं फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला ५१८ मीटरनं जाईल, ध्वनीच्या पुष्कळ पुढे. तिथे नुसता आवाज होतो, ओढ मिळत नाही. म्हणून मर्लिनला पुढे गिअर लावून प्रोपेलर निम्म्याहून कमी वेगानं फिरवला.

घाटवळण

हे कागदावर करून पाहिलं, बरोबर येतंय. धन्यवाद काका.

पल्सरवाला_द्वारका

आमच्याकडे आजोबांची अँबॅसिडर आहे. तिच्यातही सोडियमचे व्हॉल्व्ह असतील का?

अंबडचा_लेथवाला

नाही, तिचे भरीव असतात. तिची काळजी वेगळी. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरायचं. २००० साली आपल्याकडे ते बंद झालं. ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कापलेली सीट त्यानंतर हळूहळू खचते, टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होते. कडक पोलादाच्या सीट-रिंग बसवून घ्या. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये अशा रिंगा पहिल्यापासून होत्या, मऊ धातूत दुसरा इलाजच नव्हता.

सोडियमवरून मात्र एक गोष्ट लिहितो, ती लिहायची म्हणूनच हा धागा काढला असं समजा. आपल्याकडे गॅरेजमध्ये जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्याचे पंच बनवतात. पोलाद चांगलं असतं, फेकवत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडच्या मुलानं एक जाड दांड्याचा बाद व्हॉल्व्ह पंचासाठी कापायला घेतला. ब्लेडवर पाण्याची धार चालू होती. दांडा अर्धा कापला गेला आणि आतून फस्स करून पिवळी ज्वाळा आली. सोडियमला पाणी लागलं की हायड्रोजन निघतो आणि त्याच उष्णतेनं पेटतो. मागे राहतो तो कॉस्टिक सोडा. त्याचं मनगट भाजलं, डोळे चष्म्यामुळे वाचले. तो व्हॉल्व्ह कशातला होता हे मी त्याला सांगायला हवं होतं, पण तोवर मलाच नीट माहीत नव्हतं. ही चूक माझी.

तर जाड दांडा आणि कमी वजन दिसलं की कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, नेहमीच्या भंगारात टाकायचं नाही. दांड्यावर खोल चर पडला असेल तर तो व्हॉल्व्ह पुन्हा वापरायचा नाही. हलवून आवाज येतो का बघू नका, थंड असताना सोडियम घट्ट असतो, काही वाजत नाही.

नॉझलवाले_काका

हे छापून प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावलं पाहिजे. मुलगा आता बरा आहे ना?

अंबडचा_लेथवाला

बरा आहे काका. पाथर्डी फाट्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, मनगटावर व्रण राहिला.

ओझरकर

मर्सिडीजच्या गाइडला फट किती ठेवली? सोडियमवाल्यात मला वाटतं नेहमीचा अंदाज चालणार नाही.

अंबडचा_लेथवाला

बरोबर ओळखलंत. सोडियम उष्णता वर आणून गाइडलाच देतो, म्हणजे गाइड नेहमीपेक्षा जास्त तापते. फट जास्त ठेवली तर दांडा गाइडला नीट टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही आणि सगळ्या सोडियमचा उपयोग शून्य. कमी ठेवली तर दांडा फुगून धरतो. अंदाजावर गेलोच नाही. मालकांकडून कंपनीच्या मॅन्युअलचं पान मागवलं, गाइड ब्रॉन्झच्या घेतल्या आणि रीमर हातानं फिरवला. बाराही गाइड करायला दोन दिवस गेले. प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनानं गाइडमध्ये सावकाश उतरतो की नाही ते ऑइल लावून बघितलं. सीटवर निळा रंग लावून घेतला, सगळीकडे सलग वर्तुळ उठलं.

हेड काल टेम्पोत चढवलं. सहा एक्झॉस्टपैकी एकाच्या दांड्याला चर होता, तो बदलला. जुना परत पाठवू का म्हणून मालकांना विचारलं, ते म्हणाले, राहू द्या तुमच्याकडे. त्याच्या दांड्याला लाल रंगाचा पट्टा मारला, चिठ्ठीवर «कापू नये» लिहून बांधलं आणि काकांच्या डाकोटाच्या व्हॉल्व्हशेजारी काचेच्या कपाटात ठेवला. घाटवळण, फोटो आता त्या कपाटाचाच काढतो.